दुसरा दोर

बेळगाव, बंबखाना
ता. २४ जुलै १९३६

तीर्थरूप मनुबाई आक्कांना मष्णूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तार पोचल्याचं कळलं. तुम्ही निघाला होता आणि हिरण्यकेशीला पूर आल्यानं संकेश्वरहून माघारी फिरावं लागलं, हे पाणी उतरल्यावर निपाणी मोटारीच्या शामू ड्रायव्हरनं येऊन सांगितलं. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली. त्यापुढं थांबता येईना. भावकूला अग्नी मी दिला. तुमचा धाकटा भाऊ, पोटच्या पोरासारखा वाढवलेला. त्याचं तोंडसुद्धा तुम्हाला बघायला मिळालं नाही आणि मी परका माणूस हे करून बसलो. तेवढं पोटात घाला.

काय घडलं ते आमच्या आगीच्या बंबखान्याच्या वहीत लिहिलंय तसंच कळवतो. ता. १४ रोजी सकाळी सातच्या सुमाराला अनगोळहून माणूस पळत आला. एका घराच्या परसातल्या जुन्या विहिरीत त्या घरची सून पडली होती. नाव जयाबाई, वय बावीस. पाणी काढताना पाय घसरला. मी, भावकू, गुंडू आणि आमचे जमादार असे चौघं गेलो. आठवडाभर पाऊस लागून राहिलेला, विहिरीचं बांधकाम जुनं, दगडांमागची माती फुगलेली. भावकू दोर कमरेला बांधून उतरला. बाईला धरून कपारीवर आणलं, आपल्याच कमरेचा दोर सोडून तिला बांधला आणि वर पाठवलं. बाई वर आली आणि एका अंगाचं बांधकाम ढासळलं. भावकू जागच्या जागी गेला. त्याला काही कळलं नाही, त्रास झाला नाही. बाई वाचली.

आक्का, आम्ही दोघं सात वर्षं एका खोलीत राहिलो. काल मी दोघांपुरता भात टाकला. पाण्याला आधण आल्यावर ध्यानात आलं.

त्याची ट्रंक, घोंगडी आणि तुम्ही धाडलेल्या खरड्याची बरणी शामूच्या मोटारीनं पाठवतो. बरणीत थोडा खरडा शिल्लक आहे. तो खाववेना आणि टाकवेना, म्हणून तसाच ठेवला.

तुमचा
मष्णू


निपाणी
ता. ४ ऑगस्ट १९३६

मष्णूस आशीर्वाद.

ट्रंक मिळाली. घोंगडी मिळाली. तू अग्नी दिलास ते बरंच केलंस. तुज्याबिगर तिथं त्येचं कोन हुतं? त्येबद्दल माज्या मनात काय न्हाय.

पर तुजं पत्र मी चारदा वाचलं. मला वाचायला येळ लागतो. भावकू तिसरीत हुता तवा त्येनं मला अक्षरं शिकवली, चुलीम्होरं राखंत बोट फिरवून. एक एक अक्षर लावून वाचती, म्हनून माज्या नजरंतनं काय सुटत न्हाय.

विहीर जुनी, ढासळायला आल्याली. भायेर पाऊस आसा की पागोळीखाली घागर ठेवली तर भरंल. आसल्या दिसात त्या विहिरीवर पान्याला कोन जातं?

दुसरं. तू लिवलंस, भावकू जागच्या जागी गेला. शामू ट्रंक द्यायला आला तवा ओट्यावर बसून रडला. म्हनला, "मी अनगोळात गेलतो बगायला. लांबनं दिसलं, मष्णू विहिरीकडं तोंड करून अर्धा तास बोलत हुता." मेलेल्या मानसासंगं अर्धा तास कोन बोलतं रं?

म्हंजे अर्धा तास माजा भाऊ जित्ता हुता. आनि तू वर हुतास. इचारल्याबिगर ऱ्हावत न्हाय म्हनून इचारती. तू खाली का उतरला न्हाईस?

आनि त्या बाईच्या घरचं कोन माज्या दारात आलं न्हाय. दोन वळी लिवल्या न्हाईत. माज्या भावाच्या जिवावर त्येंची सून घरात फिरती हाय, तर निदान नाव तरी घ्यावं त्येनी.

मी तंबाकूच्या वखारीत जाती. दिसभर पानं निवडती. मुकादम म्हनतो, मनुबाई, चार दिस घरात बसा. घरात बसून काय करू?

खरं काय ते लिव.

मनुबाई


बेळगाव
ता. १६ ऑगस्ट १९३६

तीर्थरूप आक्कांना नमस्कार.

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. तीन कागद लिहून फाडले.

व्हय आक्का. भावकू जागच्या जागी गेला नाही. छातीपासून खाली दगडात अडकला होता. डोकं आणि एक हात मोकळा. अर्धा तास होता. मी त्याच्याशी बोलत होतो आणि पाणी चढत गेलं. हे तुम्हाला सांगवेना म्हणून वहीतलं लिहून पाठवलं.

मी का उतरलो नाही म्हणून विचारलंत. तुम्हाला जे वाटतंय तेच धरून चाला. मला त्यावर काही म्हणायचं नाही.

बाईचा पाय घसरला. त्यात काही बदल नाही.

हे सोडून त्याच्याविषयी दुसरं सांगतो, ते तरी माझ्याकडून ऐका. मी पिरनवाडीहून बंबखान्यात लागलो तेव्हा मला शिडीची भीती वाटायची. तिसऱ्या पायरीवरनं परत खाली उतरायचो. सगळे हसायचे. भावकू हसला नाही. रोज सकाळी परेड संपली की शिडी भिंतीला लावायचा आणि स्वतः खाली बसून विडी ओढत म्हणायचा, "आज एकच पायरी जास्त. मग च्या." एक महिन्यानं मी कौलांवर पोचलो. वरनं बघितलं तर ह्याची विडी विझलेली आणि हा दोन्ही हातांनी शिडी धरून उभा.

आमच्याच गावात एकदा म्हैस विहिरीत पडली. तीन तास लागले. वर काढल्यावर म्हशीनं पहिलं काम काय केलं, तर भावकूला शिंगानं उचलून शेणात टाकलं. सगळं गाव पोट धरून हसलं. तो शेणातनं उठला आणि म्हणाला, "ताकद हाय अजून. जगंल." तेवढंच.

आग विझली की आम्ही परत येतो आणि झोपतो. हा दुसऱ्या दिवशी त्याच घरी परत जायचा. चूल मांडली का, पोरं कुठं झोपली, एवढं विचारायचा आणि यायचा. मी एकदा म्हटलं, तुला कशाला रं हा उद्योग? तर म्हणाला, "काल लई गर्दी हुती. आज कोन नसंल."

आक्का, तुम्ही मला रागवा. पण पत्र लिहायचं सोडू नका.

मष्णू


निपाणी
ता. २ सप्टेंबर १९३६

मष्णू,

इचारलेल्याचं उत्तर दिलं न्हाईस, म्हंजे दिलंसच.

त्येनं तुला शिडी चढायला शिकवलं. तुला विहिरीत उतरायला कोन शिकवनार हुतं?

आता पत्र नगं. वर्षश्राद्धालाबी येऊ नगंस.

मनुबाई


निपाणी
ता. २९ नोव्हेंबर १९३६

मष्णू,

तुला लिवनार न्हाय म्हनलं हुतं. लिवायला लागलंय.

परवा वखारीतनं घरला आले तर ओट्यावर एक बाई बसल्याली. पोरगीच म्हन. काखंत गठुडं. मोटारीतनं एकटीच आलती. म्हनली, "मी अनगोळची जयाबाई." माज्या अंगात आग पेटली. मी आत जाऊन दार लावाय लागले, तर तिनं उंबऱ्यावर हात ठेवला. "आक्का," म्हनली, "माजा पाय घसरला न्हाय."

मग मी दार उघडं ठेवलं.

तिचं पाच म्हैन्याचं पोर वैशाखात तापानं गेलं. सासू म्हनायची, तुज्या दुधातच खोट. नवरा बोलायचा बंद झाला. त्या दिशी उठली आनि विहिरीकडं गेली. घागर बी न्हेली न्हाय.

भावकू खाली उतरला तवा तिनं त्येला बोचकारलं. हाताला चावली. त्येनं तिला कपारीवर बसवली आनि शेजारी बसला. तिला वाटलं, आता हा शानपना सांगनार. त्येनं काय सांगितलं न्हाय. थंडीनं कुडकुडत हुता म्हनं. बऱ्याच येळानं म्हनला, "बाई, माज्या पायात पेटका आलाय. मला आता एकट्याला वर जाता यायचं न्हाय. आनि पावसात माजा आवाज वर पोचंना. तू वर जा आनि मष्णूला सांग, दुसरा दोर टाक. तुज्याबिगर सांगनारं कोन न्हाय इथं."

तिला वाटलं, ह्यो मानूस आपल्यापायी मरनार. म्हनून तिनं दोर बांधून घेतला. मरायला गेल्याली बाई त्येला वाचवायला वर आली रं.

वर आली तर दातखीळ बसल्याली. शबुद फुटंना. "दुसरा दोर" म्हनेस्तवर दगडं कोसळली.

चार दिस ऱ्हा म्हनून तिला हितंच ठेवून घेतलीय. चार म्हैनं ती झोपली न्हाय. "आक्का, मी उशीर केला," येवढंच म्हनती. "तोंड लवकर उघडलं आसतं तर त्येनी आज आसते."

आनि तुजंबी तिनंच सांगितलं. दगडं कोसळल्यावर तू दोर धरून उडी घेतलीस. दोनदा उतरलास. दुसऱ्यांदा वर वडला तवा हाताची दोन बोटं चेंगरल्याली, आनि तरी तिसऱ्यांदा निघालास. वरनं दगडं पडतच हुती, म्हनून जमादारानं तुला रहाटाच्या खांबाला बांधून घातलं. बांधल्या जागंवरनं तू त्येच्यासंगं बोलत ऱ्हायलास.

आनि मला काय लिवलंस? तुमाला वाटतंय तेच धरून चाला. का रं आसं केलंस? मी तुला काय काय बोलले. माजं ते मागलं कार्ड आसंल तर चुलीत घाल.

त्यो अर्ध्या तासात काय बोलला ते सांग. आता मी आईकू शकती.

मनुबाई


बेळगाव
ता. १० डिसेंबर १९३६

तीर्थरूप आक्कांना नमस्कार.

तुमच्या हातचं अक्षर लिफाफ्यावर बघितलं आणि बराच वेळ फोडलाच नाही. भीती वाटत होती.

जयाबाई स्वतःच्या तोंडानं बोलली, म्हणजे आता मी मोकळा झालो. भावकूनं मला शब्दात अडकवलं होतं. मी उतरलो होतो हे लिहिलं असतं तर तुम्ही पुढचं विचारलं असतं, आणि पुढचं विचारलं असतं तर मला सांगायला लागलं असतं. तुम्ही मला भ्याड समजून विचारायचं थांबला, ते मला एका परीनं सोईचंच झालं.

आधी जयाबाईला हे वाचून दाखवा. विहिरीत आवाज घुमून वर येतो. भावकू तिला जे जे बोलला ते सगळं मला वर ऐकू येत होतं. त्याच्या पायात पेटका आला नव्हता. दुसरा दोर पहिल्यापासून माझ्याच हातात होता. ती वर यायला तयार होत नव्हती, म्हणून तो तिच्याशी खोटं बोलला. "दुसरा दोर टाक" हे त्याचं बोलणं तिच्या आधी मला कळलं होतं. ती कपारीवरनं सुटली तसा मी दोर खाली सोडला. दगड कोसळले तेव्हा दोर त्याच्या हातात होता. तिनं उशीर केला नाही. तिला बोलताच आलं नसतं तरी दोर गेलाच होता. ही शपथ मी कुणाच्याही पायावर हात ठेवून घेईन.

आता तुम्ही विचारलंत ते.

मला बांधून घातल्यावर मी शिव्या देत होतो. खालून त्याचा आवाज आला, "मष्ण्या, ओरडू नगंस. आईक. बाई घसरून पडली. वहीत तसंच लिव. फौजदार आला तरी तसंच, न्हायतर जीव द्यायला गेली म्हनून बिचारीवर खटला भरतील." मी म्हटलं, लिहितो. मग म्हणाला, "आक्कालाबी तसंच." मी म्हटलं, अरं, आक्काला कशाला खोटं? तर म्हणाला, "आक्काला विहिरीचं खरं सांगू नगंस. तिनं एकदा सोसलंय. परत तिच्या वाट्याला नगं."

याचा अर्थ मला लागला नाही. आजही लागत नाही. त्याची बायको कशानं गेली एवढं मी फार पूर्वी एकदा विचारलं होतं, तर तो उठून बाहेर गेला होता. त्यानंतर मी काही विचारलं नाही.

शेवटी पाणी हनुवटीला लागलं. म्हणाला, "बोलत ऱ्हा. थांबू नगंस." मी काय बोलणार आक्का? मी म्हशीची गोष्ट सांगितली. त्याला सगळी ठाऊक होती तरी सांगितली. शेणात पडला तिथपर्यंत मी आलो तेव्हा खालनं हसल्यासारखा आवाज आला. मग नाही आला. मी मात्र म्हैस घरी पोचेपर्यंत सांगत राहिलो.

बोटं बरी आहेत. दोन वाकत नाहीत. दोर धरता येतो.

मष्णू


निपाणी
ता. १८ जून १९३७

मष्णूस आशीर्वाद.

सहा म्हैनं तुला उत्तर लिवलं न्हाय. लिवायला हात धजत नव्हता. आता लिवती.

"तिनं एकदा सोसलंय" ह्येचा अर्थ तुला लागला न्हाय. मला वाचता वाचता लागला.

भावकूची बायको मालू. लगनाला सहा वर्सं झालती, पोर न्हवतं. म्या त्येला हातावर वाढवल्याला, त्येचं घर भरल्यालं बगायची मला लई घाई. एक दिस भाकरी थापता थापता मी तिला म्हनलं, "माज्या भावाचं घर तू वसाड केलंस." तिनं पिठाचा हात धुतला, घागर उचलली आनि पान्याला गेली. परत आली न्हाय. पाय घसरला, आसं पयल्यांदा मीच म्हनलं. मग गाव म्हनाय लागलं.

भावकू शेतातनं पळत आला. घागर काठावर कोरडी ठेवल्याली त्येनं बगितली. मग माज्याकडं बगितलं. एक शबुद इचारला न्हाय. दोन म्हैन्यांनी बेळगावला गेला आनि बंबखान्यात लागला. दर दिवाळीला घरी यायचा, माज्या हातचं जेवायचा, जाताना पाया पडायचा. धा वर्सं मला वाटत ऱ्हायलं, त्येला म्हाईत न्हाय. त्येला सगळं म्हाईत हुतं रं. मरताना बी त्येला माजी काळजी पडली.

जयाबाई हितंच हाय. चार दिसांसाठी म्हनून ठेवून घेतली, ती ऱ्हायली. माज्यासंगं वखारीत येती. तुजं दोराचं पत्र मी तिला तीनदा वाचून दावलं. पयल्यांदा तिला खरं वाटंना. तिसऱ्यांदा रडली, आनि मग भिताडाला टेकून तशीच झोपली ती दुसऱ्या दिशी ऊन अंगावर येस्तवर. मी तिला उठवली न्हाय. मुकादमाची बोलनी खाल्ली.

चैत्रात तिचा नवरा आनि सासरा न्यायला आलते. संगं चार मानसं. मी दारात हुबी ऱ्हायले, पर मला काय बोलायची गरजच पडली न्हाय. तीच भायेर आली, पदर खवचून. म्हनली, "तुमी लांबनं आलासा, जेवून जावा. मी येत न्हाय." ते जेवले न्हाईत. परत बी आले न्हाईत.

मालूचं मी कुनाला कदी सांगितलं नव्हतं. गेल्या म्हैन्यात जयाबाईला सांगितलं. तिनं इचारलं, "काय बोललासा तुमी तिला?" मी ते शबुद जसंच्या तसं सांगितले. ती उठून परसात गेली. दोन दिस माज्यासंगं बोलली न्हाय. मला वाटलं, आता गठुडं बांधंल. तिसऱ्या दिशी माज्या ताटात भाकरी वाढली आनि म्हनली, "आक्का, खावा." तेवढंच. मी त्याच्यापरास जास्त मागत न्हाय.

भावकूचं वर्षश्राद्ध म्होरल्या म्हैन्यात हाय. येऊ नगंस म्हनलं हुतं, ते इसर. तू ये. नदीला पानी चढायच्या आधीच चार दिस ये. अग्नी तू दिलास, तर पिंडाला हात तूच लावायचा. गुंडूला आनि जमादारांना बी घेऊन ये. त्येनी तुला बांधून घातलं म्हनून त्येंच्यावर राग धरू नगंस.

औंदा मी मालूचं पान बी वाढनार हाय. आजपातुर वाढलं न्हाय. घसरून पडल्याली म्हनायची आनि पान मात्र वाढायचं न्हाय, आसं आमी केलं.

पर कालपास्नं मी इचार करती हाय, तिच्या पानात काय वाढू? सहा वर्सं ती माज्या हाताखाली रांधत हुती. आमाला कुनाला काय आवडतं ते सगळं तिला ठावं हुतं. तिला काय आवडायचं ते मला आठवंना. आठवंना न्हवं, मी कदी बगितलंच न्हाय. भावकू तुज्यासंगं कदी तिचं बोलला आसंल, चुकून एखादा शबुद, तर आठवून लिव. जे आसंल ते मी करीन.

मनुबाई